दोन किलोच्या आतला हूक

मागच्या खोलीतल्या खुंट्या मी हातोडीच्या मागच्या बाजूनं उपटल्या, तेव्हा भिंतीचे पोपडे निघाले आणि मला पहिल्यांदा रडू आलं. भाऊ नऊ दिवस दवाखान्यात होता तेव्हा डोळ्यांतून एक टिपूस आलं नव्हतं. डॉक्टरशी भांडले, नर्सशी भांडले, दवाखान्याच्या फाटकावरच्या माणसाशी तर रोजच भांडले. आणि आता चार पोपडे पडले तर स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. माणसाचं काही खरं नाही.

भाऊ म्हणजे माझा धाकटा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचं गाव भातकुलीकडचं, खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असलं. जमीन आम्हाला कधी नव्हती. वडील बैलगाडी हाकायचे, भाऊ काळी-पिवळी जीप हाकायचा. गाव ते भातकुली, भातकुली ते अमरावती, दिवसातून तीन खेपा. मी अमरावतीत एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस होते. काचेच्या नळ्या धुवायच्या, पोरांना तारा नि चुंबक काढून द्यायचे, संध्याकाळी मोजून परत ठेवायचे. नवरा लग्नानंतर चार वर्षांत आजारानं गेला, मूलबाळ नाही. दोन खोल्यांच्या टिनाच्या घरात एकटीच राहायचे.

ती कपाशीची वाईट वर्षं होती. त्याबद्दल शहाण्यांनी पुष्कळ लिहिलंय, मी काय सांगू? मी जीपबद्दल सांगते. आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत धड चालणारी गाडी एकच होती, भावाची. कोणी फवारणीचं औषध प्यायलं की लोक त्याच्याच दारावर थाप मारायचे. तो मागची एक सीट काढून जागा करायचा नि अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन टाकायचा. कधी माणूस चालत परत यायचा. कधी त्याच जीपमधून, चिरफाड झालेला, बांधून परत यायचा. भाऊ कोणाला नाही म्हणाला नाही. जीप धुवायचा, अगरबत्ती लावायचा, समोर ताजं लिंबू बांधायचा नि सकाळच्या खेपेला उभा राहायचा.

पण लोक बसेनात. ज्यांना गरज पडली तेव्हा हीच गाडी लागली, तेच लोक मग स्टँडवर भातकुलीकडून येणाऱ्या दुसऱ्या जीपची वाट बघत ताटकळत उभे राहायचे. बायका आधी आत डोकावून विचारायच्या, डोकं कोणत्या बाजूला होतं. गाडीला मुडदागाडी नाव पडलं. त्याच्या तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण नाव पडलं की पडतंच. एका लग्नाच्या वऱ्हाडाला त्याची जीप सांगितलेली होती. आदल्या दिवशी निरोप आला, राहू दे. तेव्हा मी त्याला फोनवर म्हटलं होतं, सोड ती गाडी, इकडं ये, कुठंतरी ड्रायव्हरकी बघू. तो म्हणाला, अन् रातच्या पाऱ्याले कोनाले औषध चढलं तं कोन नेईन? मला राग आला. तुझ्याच गळ्यात ही घोरपड का म्हणून फोन आपटला. ते आमचं धड असं शेवटचं बोलणं, दवाखान्याच्या आधीचं.

त्यानं औषध घेतलं नाही. दुसरं केलं. काय केलं ते मी लिहिणार नाही, कारण ते वाचून कोणाचं भलं होणार नाही. भावजय वेळेवर पोचली एवढंच. आणि त्याला दवाखान्यात नेलं ते भातकुलीहून मागवलेल्या दुसऱ्याच्या गाडीतून, कारण त्याची चालवणारा तोच होता.

सुट्टी देताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. निदान दोन महिने एकटं सोडू नका, आणि ज्या खोलीत ठेवाल ती आधी नीट बघून घ्या. भावजयीच्या पदरात दोन शाळकरी पोरं, ती दिवसभर मजुरीला जाणार. मग माझ्याकडेच आणायचं ठरलं. म्हणून त्या खुंट्या. कपडे वाळत घालायची दोरी काढली. वरचा छताचा पंखा वायरमन बोलावून उतरवला, त्याची कडी करवतीनं कापून घेतली, टेबलफॅन आणला. वरच्या लोखंडी अँगलना पुठ्ठे ठोकून टाकले. लोखंडी कपाट तेवढं राहिलं, ते हलवायला चार माणसं लागली असती.

आणि मग ते भेटायला येणारे. नातेवाईक, गावचे, ओळखीचे. बिस्किटांचा पुडा, दोन केळी, एखादा नारळ. प्रत्येक जण दारातून आत आला की आधी वर बघायचा. भावाकडे नाही, वर. मग घाईनं मान खाली करून म्हणायचा, कसं काय, बरं हाय ना? भाऊ हो म्हणायचा. गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळलेला, मार्च महिन्यात. मला एकेकाची मानगूट धरून बाहेर काढावंसं वाटायचं. दोघांना काढलंही.

चौथ्या दिवशी आंघोळ करून आला तो हातात ओला टॉवेल नि खांद्यावर शर्ट घेऊन खोलीच्या मधोमध उभा. चारी भिंतींकडे बघितलं. जिथं खुंट्या होत्या तिथं मी पांढरं सिमेंट भरलं होतं, त्याचे ठिपके दिसत होते.

"ताई, शर्ट कुठं टांगू?"

 दे इकडं, म्हणून मी तो हिसकावून घेतला. पण दिवसभर डोक्यात तेच. लॉकअपमध्येसुद्धा माणसाचा शर्ट काढून घेतात म्हणतात. मी माझ्या भावाला लॉकअपमध्ये ठेवलं होतं आणि त्याला ते कळत होतं. शर्ट खुर्चीवर टाक म्हटलं असतं, पण तो आमच्या आईच्या हाताखालचा. घरात आला की शर्ट खुंटीला, चपला दाराच्या डाव्या बाजूला. तीच एक सवय दवाखान्यातून त्याच्यासोबत परत आली होती. तीही मी काढून घेतली तर उरलं काय? आणि शर्ट झेलणारी वस्तू खोलीत आणली तर ती आणखी काय काय झेलेल?

मी कामावर गेले की शेजारच्या काकू त्याच्याजवळ बसायच्या. उत्तर मला प्रयोगशाळेत नळ्या धुताना उमगलं. समोरच्या लोखंडी कपाटाच्या दारावर एका पोरानं चुंबकानं कागद चिकटवून ठेवला होता. चार कागद धरून होता तो चुंबक. पाचवा लावला की सगळे घसरून खाली. मी पाचवा लावून बघितला, पुन्हा लावून बघितला, पुन्हा बघितला. सरांनी विचारलं, बाई, काय चाललंय? काही नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी काकू तूर निवडायचं सूप घेऊन आमच्या ओट्यावर बसल्या नि मी बाजारात गेले. इतवारा बाजाराच्या अंगाला एक जुनं हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. खिळे वजनावर विकायचे, त्यामुळे समोर तराजू नि लोखंडी वजनं मांडलेली. मी विचारलं, चुंबकाचे हूक आहेत का? त्यांनी खोके काढून गल्ल्यावर ओतले. माल अकोल्याहून येते म्हणाले. केवढे प्रकार! छोटे बटणाएवढे, मोठे कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाएवढे, गरगर फिरणारे, मागं रबर लावलेले. रबरवाला घसरत नाही, बाई, तोच घ्या, असं म्हणत त्यांनी एक उचलला आणि दुकानाच्या शटरला खाट्कन चिकटवला. तो दोन्ही हातांनी ओढून दाखवला. "दहा किलो झेलीन. खोक्यावर लिवलं हाय."

मी म्हटलं, हा नको. त्यांनी दुसरा काढला. पाच किलोचा. नको. मग ते समजूत घालायला लागले, की खोक्यावर पाच लिहिलेलं असलं तरी ते वर छताला लावला तरच झेलतो. उभ्या पत्र्याला लावला तर तो खाली सरकतो, निम्मंही झेलत नाही, म्हणून मोठा घ्यावा. हे मला ठाऊक होतं. पोरांना चुंबक काढून देण्यात माझी वीस वर्षं गेली होती. मी म्हटलं, मला उभ्या पत्र्यालाच लावायचाय, आणि मला त्याहून लहान पाहिजे.

"बाई, लोक मजबूत मांगते. तुमी कमजोर मांगून राहिल्या."

म्हटलं, हो. शर्ट राहायला पाहिजे, टॉवेल राहायला पाहिजे. दोन किलोच्या वर काही लागलं की निघून पडायला पाहिजे. माझा आवाज चढला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. गिऱ्हाईक एक होतं बाजूला, तेही बघायला लागलं. चाचांनी त्याला आधी मोकळं केलं. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "घरी कोन हाय?"

"भाऊ."

 त्यांनी सगळे मोठे हूक खोक्यात परत भरले, खोकं खाली ठेवलं. लहान हुकांपैकी एकेक शटरच्या रंगवलेल्या पट्टीला लावायचे नि तराजूतलं वजन सुतळीनं त्याला अडकवायचे. अर्धा किलो. एक. मग एकाला दुसरं जोडायचं. जो दोन किलोला खाली आला तो उजवीकडे, जो टिकला तो परत खोक्यात. तो खाली पडायचा आवाज सगळ्या दुकानात घुमायचा. वीसबावीस हूक तपासले असतील त्यांनी.  चार निघाले.

ते कागदात बांधताना त्यांनी एवढंच सांगितलं. रंग असलेल्या जागेवरच लावा, उघड्या लोखंडाला नाही, उघड्यावर धरून ठेवते. मागं कागदाचा गोल कापून चिकटवा, अजून ढिला होईन. अन् त्याले सांगू नका.

घरी येऊन मी कागदाचे गोल कापले, चिकटवले आणि चारी हूक कपाटाच्या दारावर ओळीनं लावले. ज्वारीची थैली अडकवून बघितली. थैली हूक घेऊन खाली आली. त्या दिवशी मला जेवण गेलं. भावाला म्हटलं, हे घे, भिंत खराब होते म्हणून नव्या पद्धतीचे आणलेत. त्यानं शर्ट अडकवला, टॉवेल अडकवला, दवाखान्याच्या कागदांची पिशवी अडकवली. चौथा रिकामा राहिला.

माझी खाट पुढच्या खोलीत, मधल्या दारासमोर. सकाळी डोळा उघडला की मी आधी त्या कपाटाकडे बघायचे. शर्ट हुकावर दिसला म्हणजे भाऊ बनियनवर खाटेत आहे, म्हणजे आज आहे. मग चहा. एकदा हूक रिकामा दिसला आणि मी अशी ओरडले की काकू धावत आल्या. भाऊ मागं मोरीवर तोंड धूत होता, अंगात शर्ट होता, एवढंच. त्यानंतर एकही दिवस असा गेला नाही की मला जाग आली आणि शर्ट हुकावर नव्हता. घरात पाहुणे असले तरी बनियनवर तोंड धुवायचा. मला वाटलं, बरं झालं, सवय लागली.

महिना झाला असेल. मी पोळ्या लाटत होते आणि मागून आवाज आला, टण्ण. हाच आवाज मी चाचांच्या दुकानात ऐकला होता. लाटणं हातात घेऊनच पळाले. भाऊ कपाटासमोर उकिडवा बसला होता. शर्ट खाली पडलेला, शर्टाच्या खिशात जीपचा मोठा पाना. गावाहून कोणीतरी त्याची अवजाराची पिशवी आणून दिली होती, त्यातला. हूक त्याच्या हातात होता. मागचा कागद त्यानं नखानं अर्धा सोलला होता.

"हूक कमजोर हाय वं ताई."

म्हटलं, इतवाऱ्यातल्या चाचाकडून स्वस्तातला घेतला, मला काय कळतंय त्यातलं. तो माझ्याकडे बघत राहिला. वीस वर्षं चुंबक हाताळणारी त्याची बहीण. मग हो म्हणाला, कागद थुंकी लावून परत चिकटवला आणि हूक होता त्याच जागी लावला. पाना पिशवीत ठेवला. मी पोळी करपली म्हणून चरफडत चुलीकडे गेले, पण मनातून सुटले. म्हटलं, कळलं नाही त्याला.

खरं सांगते, मला त्या दोन महिन्यांत त्याची माया आली त्यापेक्षा राग जास्त आला. रोज सकाळी शर्टाकडे बघायचं, हे काय जगणं आहे? एकदा तर मनात आलं की सुटला असता तर सुटले असते. हा विचार मी कोणाला सांगितला नाही. आता लिहून टाकते.

अडीच महिन्यांनी तो गावी गेला. डॉक्टर हो म्हणाले, भावजय न्यायला आली. जाताना तीन हूक मागून घेतले, घरी लावतो म्हणाला. एक माझ्या कपाटावर राहिला. जीप विकणार म्हणाला होता, विकली नाही. पुन्हा त्याच खेपा, पुन्हा थाप पडली की मागची सीट काढायची. मी बोलायचं सोडून दिलं. फोन केला की आधी आवाज ऐकायचा, मग काय बोलायचं ते.

दीडएक वर्षानं माझ्या मोरीच्या दाराची कडी तुटली, म्हणून मी चाचांच्या दुकानात गेले. त्यांनी ओळखलं. कडी काढून दिली आणि विचारलं, भाऊ? बरा आहे म्हटलं, जीप चालवतो. त्यांनी मान हलवली.

"मंग तोच आसन. एक जीपवाला बाया पाठवते माह्याकडे. दवाखान्यातून ज्यायच्या घरचा मानूस वापस जाते, त्यायले सांगते, चाचाच्या दुकानी जा अन् कमजोर हूक मांगजा."

किती जणी, मी विचारलं. पाच बाया आल्या होत्या म्हणाले, सगळ्या भातकुलीकडच्या. एकीच्या तर घराला लोखंडाचं काही नव्हतं, तिनं धान्याच्या कोठीला लावला. ते कोणालाच काही विचारत नव्हते, वजन लावून निवडून देत होते. आता कमजोर हुकांचा डबाच वेगळा केलाय, असं म्हणून त्यांनी तो दाखवला. वनस्पती तुपाचा जुना डबा, त्यावर काही लिहिलेलं नाही.

म्हणजे त्याला कळलं होतं. पाना खिशात ठेवला तो मुद्दाम. कागद सोलला, बघितला, समजला, आणि थुंकी लावून परत चिकटवला. आणि रोज माझ्या डोळ्यासमोर शर्ट अडकवत राहिला. मी त्याला जपत होते असं मला वाटत होतं.

चाचांनी डब्याच्या तळातून एक पुडी काढली. चार हूक, मागं कागदाचे गोल लागलेले. त्या पाचातली एक बाई परत आणून देऊन गेली होती. पैसे मागितले नाहीत, गल्ल्यावर ठेवले नि गेली. चाचा म्हणाले, हे दुसऱ्या कोणाले द्याचं मन होत नाई. फेकवत बी नाई.

मी घेऊन आले. कपाटाच्या दारावर, भावाच्या जुन्या हुकाशेजारी, चारी लावून ठेवले. त्यांवर कधी काही टांगलं नाही.

दिवाळीनंतर भाऊ एक दिवस मुक्कामाला आला. दाराच्या डावीकडे चपला काढल्या, पाणी प्यायला, मागच्या खोलीत गेला. शर्टाची बटणं काढता काढता थांबला. मी दारात उभी होते. कपाटावर पाच हूक.

"हे चार कोनाचे?"

मी सांगितलं, चाचाकडे एक बाई वापस करून गेली.

त्यानं त्या चारांतल्या एकाच्या मागचा कागद नखानं चाचपला. आमच्या दोघांत जे कधी बोललं गेलं नव्हतं ते सगळं त्या पत्र्यावर होतं, आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"मालूम हाय ती बाई," तो म्हणाला. "तिच्या मानसाले मीच आनलं वापस, मांगची सीट काढून."

मग त्यानं शर्ट काढला, झटकला आणि आपल्या जुन्या हुकाला, जो माझ्या खाटेवरून दिसतो त्याला, अडकवला.